टिब्सला गाडी पकडायची होती

*पत्राचा गोषवारा (ओळख पटेल असे तपशील बदलून):* पत्रलेखक अडतीस वर्षांचे, सहकार खात्यात लेखापरीक्षक, अनुसूचित जातीतले. पत्नी आणि दोन मुली जिल्ह्याच्या गावी राहतात. ते स्वतः चार महिन्यांपासून दूरच्या एका तालुक्याला खोली घेऊन राहिले आहेत. तिथल्या एका पतसंस्थेत ठेवी अडकल्या आहेत. चाचणी लेखापरीक्षणात त्यांना विनातारण कर्जं आणि एकाच घरातल्या पाच नावांवर फिरवलेले पैसे सापडले, म्हणून सहकार कायद्याच्या कलम ८३ ची, म्हणजे संस्थेच्या कारभाराची चौकशीही त्यांच्याच गळ्यात पडली. त्यांना ती नको होती, पण ठेवीदार त्यांच्यासाठीच अडून बसले. आधीच्या लेखापरीक्षकांना ‘साहेब’ म्हणणारे कर्मचारी यांना नुसत्या नावानं हाक मारतात. चहाच्या हॉटेलात एका संचालकानं चारचौघांत जात काढली. पुढे मोटारसायकलला अडकवलेल्या तीन निनावी चिठ्ठ्या मिळाल्या, तिसरीत मुलींच्या शाळेचं नाव होतं. कर्जाच्या फायलींवरच्या शेऱ्यांशी अक्षर ताडून पाहिल्यावर त्यांचा संशय उपाध्यक्षांवर आहे. पत्नी म्हणते, परत या. वरिष्ठ म्हणतात, ‘तुझ्याइतका हुशार माणूस खात्यात नाही, हे तूच करू शकतोस.’ पुण्याच्या एका मित्रानं १९६७ चा ‘इन द हीट ऑफ द नाइट’ हा टिब्स नावाच्या काळ्या पोलीस अधिकाऱ्याचा अमेरिकन चित्रपट पाठवला आणि लिहिलं, ‘बघ आणि कामाला लाग.’ त्यांनी तो दोनदा पाहिला. ते विचारतात: ‘मी टिब्ससारखं थांबावं का? बदली मागितली तर भित्रा ठरेन का?’

---

तुमचं पत्र सहा पानी आहे. त्यातली साडेतीन पानं चित्रपटावर आहेत, दोन पतसंस्थेवर, आणि मुलींच्या शाळेचं नाव चिठ्ठीत आलं ही गोष्ट एका ओळीत उरकली आहे. ती ओळ मी तीनदा वाचली. चित्रपटाबद्दल बोलूच, मलाही तो फार आवडतो, पण आधी ती ओळ.

शाळेत जाऊन मुख्याध्यापिकांना भेटा. ‘आमच्या दोघांखेरीज आणि अमुक एका नातेवाइकाखेरीज मुलींना कुणाच्याही ताब्यात देऊ नका’ असा अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. पोलिसांत तक्रार द्यायला तालुक्याच्या ठाण्याचीच वाट पाहायला हवी असं नाही. कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवता येतो, तेव्हा तुम्ही जिल्ह्याच्या गावी, घराजवळच्या ठाण्यात जा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ मध्ये निनावी पत्रानं धमकावण्याला वेगळी, वाढीव शिक्षा आहे. सरकारी नोकराला कामापासून रोखण्यासाठी धमकी देणं हा आणखी निराळा गुन्हा. ठाण्यात टोलवाटोलवी झाली तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा.

हॉटेलातला प्रसंग आणि चिठ्ठ्या यांची गल्लत मात्र करू नका. चारचौघांत जातीवरून अपमान झाला, ऐकणारे होते. अत्याचार प्रतिबंधक कायद्यातली ‘लोकांच्या नजरेसमोर’ ही अट तिथे लागू पडते. चिठ्ठी गुपचूप अडकवलेली आहे आणि लिहिणारा कोण, कुठल्या जातीचा, हे अजून ठाऊक नाही. म्हणून तक्रारीत दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या, तारीखवार लिहा. हॉटेलात त्या वेळी कोण कोण होतं ती नावंही लिहा, मग ते साक्ष देतील असं तुम्हाला वाटो वा न वाटो. या कायद्याखालचा तपास उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही. मसुदा वकिलाला दाखवायचा तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. अनुसूचित जातीच्या माणसाला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि हे सरकारी नोकरांना बहुतेकदा माहीतच नसतं. अत्याचारविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १४५६६ आहे. माझ्याकडे अशी पत्रं वर्षातून पाच-सहा येतात. गाव वेगळं, खातं वेगळं, चिठ्ठी तीच. म्हणून इतकं सविस्तर लिहिलं.

आता टिब्स.

तुमच्या मित्रानं चित्रपट पाहिला असेल यात शंका नाही, पण त्याला टिब्सनं मारलेली थप्पड तेवढी आठवत असावी (ती पुढे येईलच). माझंही तसंच होतं. फिल्म सोसायटीच्या अंधाऱ्या हॉलमध्ये, अर्धेअधिक संवाद डोक्यावरून जात असताना मी तो पहिल्यांदा पाहिला आणि घरी येताना फक्त तो एक आवाज कानात होता. त्याच्या अलीकडे-पलीकडे काय घडतं ते पुढच्या खेपांना दिसलं.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेच्या दक्षिणेतलं, मिसिसिपी राज्यातलं स्पार्टा नावाचं गाव. शिकागोहून कारखाना काढायला आलेल्या कोल्बर्ट नावाच्या उद्योजकाचा मध्यरात्री रस्त्यात खून होतो. रेल्वे स्टेशनवर एक काळा माणूस एकटाच बसलेला सापडतो, पाकिटात बऱ्यापैकी पैसे. पोलिसांच्या दृष्टीनं एवढा पुरावा पुरे. त्याला भिंतीकडे तोंड करायला लावून पकडून आणतात, आणि मग कळतं की हा व्हर्जिल टिब्स स्वतःच फिलाडेल्फियाचा पोलीस अधिकारी आहे, खुनांच्या तपासातला तरबेज माणूस. आईला भेटून परत निघालेला, गाडी बदलण्यापुरता इथे उतरलेला.

टिब्सला थांबायचं नव्हतं, हे इथे ध्यानात घ्या. पहिल्या रात्री तो थांबतो ते फिलाडेल्फियाच्या साहेबांनी फोनवर सांगितलं म्हणून. त्यानंतर तो निघतो, पुन्हा थांबवला जातो. पुन्हा निघतो, पुन्हा थांबवला जातो. चित्रपटभर त्या माणसाची गाडी चुकते आहे. ‘बघ आणि कामाला लाग’ असा संदेश यातून काढायचा असेल तर पुण्यात बसूनच काढता येईल.

त्याला थांबवतं कोण, तेही पाहा. कोल्बर्टची विधवा पत्नी गावाला बजावते की या अधिकाऱ्याला तपासावर ठेवा, नाहीतर कारखाना विसरा. गावाला कारखाना हवा आहे, म्हणून गावाला टिब्स हवा आहे. त्याच्याविषयी कुणाच्या मनात काही पालटलेलं नसतं. तुमचे ठेवीदार तुमच्यासाठी अडून बसले, याचं तुम्हाला बरं वाटलं असं तुम्ही लिहिलंय. वाटणारच. पण त्यांना त्यांच्या ठेवी हव्या आहेत, आणि त्यात त्यांचं काहीच चुकत नाही. त्यांनी तुम्हाला साहेब म्हणायला सुरुवात केली का? तुमच्या पत्रात तरी तसं दिसलं नाही. ठेवीदारांचं हे अडून बसणं तुमच्या हातातलं चलन आहे. ते कौतुक म्हणून खिशात ठेवू नका, खर्च करा. कुठे, ते पुढे सांगते.

मग तो स्टेशनवरचा प्रसंग. पोलीसप्रमुख गिलेस्पी, म्हणजे नट रॉड स्टायगर, टिब्सला परत न्यायला फलाटावर येतो. विनंती करणं त्याच्या स्वभावात बसत नाही. तो म्हणतो ते साधारण असं: तू थांबशीलच, कारण तू इतका हुशार आहेस आणि तुला स्वतःच्या हुशारीचा इतका गर्व आहे की आम्हा सगळ्यांची लाज काढायची ही संधी तू सोडूच शकत नाहीस. टिब्स गप्प होतो. त्याच्या चेहऱ्यावर दिसतं की नेम बरोबर लागलाय.

आता तुमच्या वरिष्ठांचं वाक्य पुन्हा वाचा. ‘तुझ्याइतका हुशार माणूस खात्यात नाही.’ त्यांनी तो चित्रपट पाहिला नसेल, पण ही कळ त्यांना ठाऊक आहे. लहानपणापासून ज्याला इतरांच्या दुप्पट मार्क मिळवून निम्मी शाबासकी मिळाली, त्या माणसाला ‘हे तूच करू शकतोस’ म्हणून कुठेही पाठवता येतं. ते वाईट माणूस आहेत असं मला म्हणायचं नाही. पण चार महिन्यांत त्यांनी सोबत दुसरा अधिकारी दिलाय का? बंदोबस्तासाठी पोलिसांना पत्र दिलंय का? चिठ्ठ्या त्यांना दाखवल्यावर त्यांनी ‘जपून राहा’ याखेरीज एक ओळ तरी लेखी दिली का? यातलं काही झालं असतं तर तुम्ही मला सांगितलं असतं.

यापुढची गोष्ट पडद्यामागची आहे, आणि तुमच्या मित्रानं चित्रपटासोबत तीही पाठवायला हवी होती.

टिब्सची भूमिका करणारा सिडनी पॉयटिए तोवर मोठा नट झाला होता. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर मिळवणारा पहिला काळा नट, १९६४ साली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्याचा मित्र, गायक हॅरी बेलाफॉन्टे त्याला मिसिसिपीतल्या ग्रीनवुडला घेऊन गेला. तिथे काळ्यांच्या मतदार नोंदणीसाठी तरुण कार्यकर्ते राबत होते, त्यांच्यातल्या तिघांचे खून झाले होते, आणि चळवळीकडचे पैसे संपले होते. हे दोघं डॉक्टरच्या बॅगेत रोख सत्तर हजार डॉलर घालून गेले. विमानतळावरून निघाल्यावर कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेच्या लोकांनी अंधारात ट्रकनं त्यांच्या गाडीचा पाठलाग केला, मागून धडका दिल्या. दोघं वाचले. पैसे पोचले.

दोन वर्षांनी या चित्रपटाची बोलणी झाली तेव्हा गोष्ट मिसिसिपीतली आणि पॉयटिएनं सांगून टाकलं, मी तिकडे येणार नाही. दिग्दर्शक नॉर्मन ज्युइसननं मग उत्तरेकडच्या इलिनॉय राज्यात स्पार्टा नावाचं गाव शोधलं. तिथल्या पाट्या रंगवत बसायला नको म्हणून चित्रपटातल्या गावालाही स्पार्टा हेच नाव दिलं. शीर्षकात रात्रीचा उकाडा, आणि चित्रीकरण शरद ऋतूतल्या थंडीत. तोंडातून वाफ दिसू नये म्हणून नट बर्फाचे तुकडे तोंडात धरून संवाद म्हणत. (मला ही गोष्ट का कोण जाणे फार आवडते.) कापसाची शेतं मात्र इलिनॉयमध्ये मिळेनात. ज्युइसननं खूप गळ घातली तेव्हा पॉयटिए थोड्या दिवसांसाठी टेनेसीतल्या डायर्सबर्गला गेला. तिथे तो उशाखाली पिस्तूल ठेवून झोपत असे. धमक्यांचं वातावरण पाहून काम आवरतं घेऊन मंडळी परत आली.

म्हणजे ज्या टिब्सचं धैर्य बघून तुम्ही स्वतःला भित्रा म्हणायला निघालात, त्या टिब्सला उभं करणारा माणूस त्या चित्रपटासाठी मिसिसिपीला गेलाच नव्हता. दोन वर्षांपूर्वी तो जिवावर उदार होऊन गेला होता, कारण त्या वेळी जाण्याचं कारण त्याचं स्वतःचं होतं. चित्रपटासाठी तो अटी घालून गेला, आणि जिथे अटी पाळता येईनात तिथून परत फिरला. त्याला कुणी भित्रा म्हटल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

तुमच्या प्रश्नातली ‘थांबू की पळू’ ही जोडीच मला मान्य नाही, ती इथे. चौकशी करायची म्हणजे त्याच तालुक्यात, त्याच खोलीत, एकट्यानं राहायचं, हे तुम्ही गृहीत धरलंय. कलम ८३ मध्ये तसं कुठे लिहिलंय? संस्थेचं दप्तर ताब्यात घेण्याचा अधिकार निबंधकांना आहे. रोजकीर्द, कर्जखतावण्या, संचालक मंडळाचं इतिवृत्त, संगणकातल्या माहितीची प्रत, हे सगळं पंचनामा करून जिल्हा कार्यालयात आणता येतं. जबाब तिथे बोलावून घेता येतात. मिसिसिपीची गोष्ट इलिनॉयमध्ये सांगता येते, हे एकदा सिद्ध झालेलं आहे. तालुक्याला जायची वेळ आली तर ठरलेल्या दिवशी, सोबत दुसरा अधिकारी आणि पोलीस शिपाई घेऊन, आणि मुक्काम न करता. या मागण्या वरिष्ठांकडे तोंडी नेऊ नका. लेखी द्या, आवक क्रमांक घ्या, प्रत विभागीय कार्यालयाला पाठवा. ठेवीदारांचं चलन खर्च करायची जागा हीच. त्यांच्या समितीनं निवेदन द्यावं की चौकशी याच अधिकाऱ्यानं करावी आणि त्यासाठी त्याला एवढ्या गोष्टी द्याव्यात. त्या विधवेचं वजन गिलेस्पीवर पडलं, तुमचं वजन वरिष्ठांवर पडत नसेल तर त्यांचं पडू द्या.

आता थोडं कडू बोलते. अक्षर ताडून पाहण्याबद्दल.

चित्रपटात टिब्स एंडिकॉट नावाच्या मळेवाल्याकडे जातो. गावातला बडा असामी, कापसाच्या शेतांचा मालक, काचघरात ऑर्किडची फुलं जोपासणारा. मेलेल्या माणसाच्या गाडीत सापडलेल्या नेच्याच्या मुळाच्या तुकड्यावरून टिब्स तिथवर पोचलेला असतो. आपल्याला हा काळा माणूस प्रश्न विचारतोय हे कळल्यावर एंडिकॉट त्याच्या थोबाडीत मारतो, आणि टिब्स त्याच क्षणी उलट थोबाडीत देतो. १९६७ मध्ये अमेरिकन प्रेक्षकांनी मोठ्या चित्रपटात असं काही पाहिलं नव्हतं. ही परतफेड झालीच पाहिजे अशी अट आपण घातली होती, असं पॉयटिए सांगत असे; ती पटकथेत पहिल्यापासून होती, असं बाकीचे सांगत. मी तिसऱ्या वेळी पाहिला तेव्हा त्या दोघांकडे पाहायचं सोडून सरबताचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या काळ्या नोकराकडे पाहिलं. तुम्हीही एकदा तसं करून पाहा.

पण थप्पड संपल्यावर बाहेर काय होतं? टिब्स पेटलेला असतो. या माणसाला मी या टेकडीवरून खाली खेचू शकतो, मला आणखी थोडा वेळ द्या, असं तो गिलेस्पीला म्हणतो. आणि तो अडाणी वाटणारा, गम चघळणारा गिलेस्पी त्याच्याकडे पाहून म्हणतो, अरे, तूही आमच्यासारखाच की!

(चित्रपट पाहायचा असणाऱ्यांनी हा परिच्छेद सोडावा.) खून एंडिकॉटनं केलेलाच नसतो. तो केलेला असतो खाणावळीच्या गल्ल्यामागे उभं राहणाऱ्या, कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या एका पोरानं, पैशांसाठी. एंडिकॉट वंशद्वेष्टा होता, उद्दाम होता, त्याचा राग येणं रास्त होतं, आणि या खुनापुरता तो निर्दोष होता. टिब्स इतका तरबेज, तरी अपमानानं त्याची नजर तेवढ्यापुरती वाकडी झाली.

तुमचे उपाध्यक्ष त्या चिठ्ठीचे लेखक असतीलही. हॉटेलात जात काढणारा संचालकही असेल. किंवा एखादा कारकून, ज्याच्या सहीनं चार खोट्या पावत्या निघाल्या आहेत आणि ज्याला उपाध्यक्षांपेक्षा तुमची भीती जास्त आहे. तुम्ही हिशेबाचे जाणकार आहात, अक्षराचे नाही. आणि याहून गंभीर गोष्ट अशी की तुम्ही त्या संस्थेचे चौकशी अधिकारी आहात. उद्या तुमच्या अहवालावरून कलम ८८ खाली संचालकांवर रकमेची जबाबदारी निश्चित करायची वेळ येईल. तेव्हा उपाध्यक्षांचा वकील पहिलं काय म्हणेल? ‘चौकशी अधिकाऱ्यानं माझ्या अशिलाच्या अक्षराचे नमुने स्वतःच्या वैयक्तिक तक्रारीसाठी वापरले, तो पूर्वग्रहदूषित आहे.’ चार महिन्यांची मेहनत आणि ठेवीदारांचे पैसे या एका वाक्यात अडकतील. म्हणून आजपासून दोन वाटा वेगळ्या करा. चिठ्ठी कोणी लिहिली हे पोलीस शोधतील. पैसे कोणी नेले हे तुम्ही शोधा. चौकशीच्या कागदांत चिठ्ठ्यांचा उल्लेख येऊ देऊ नका, आणि तुमच्या संशयाचं नाव पोलिसांखेरीज कुणाजवळ, त्या पुण्याच्या मित्राजवळही, काढू नका. अक्षर ताडून पाहिलं हे पोलिसांना लपवू नका, पण त्या फायलींची छायाचित्रं मोबाइलवर काढली असतील तर ती कुणाला पाठवू नका.

चिठ्ठ्या आता वारंवार हाताळू नका. प्रत्येक चिठ्ठी वेगळ्या कागदी पाकिटात घाला. पाकिटावर कधी, कुठे, कुणासमोर सापडली ते लिहा. चौथी आली तर उचलण्याआधी जागेवरच फोटो काढा.

तुम्ही लिहिता, ‘तिथला वंशभेद आणि इथली जात सारखी नाही हे मला कळतं, तरी तो चित्रपट माझाच वाटला.’ यात ओशाळण्यासारखं काही नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या निग्रो लोकांना दास्यातून मुक्त करणाऱ्या तिथल्या लोकांना. १९७२ साली मुंबईत दलित पँथर हे नाव घेतलं गेलं ते तिथल्या ब्लॅक पँथर चळवळीवरून. आपल्याकडून तिकडे पाहण्याची वहिवाट जुनी आहे. फरक आहेतच. टिब्स फलाटावर लांबून ओळखू येतो, तुम्हाला ओळखायला त्यांना आधी आडनाव विचारावं लागतं. ‘तुला तिकडे काय म्हणतात रे?’ या गिलेस्पीच्या खवचट प्रश्नाला टिब्स उसळून उत्तर देतो की मला मिस्टर टिब्स म्हणतात. ते वाक्य जगभर गाजलं. आपल्याकडे तेच काम ‘साहेब’ या शब्दावर चालतं, तो कुणाला लावायचा आणि कुणाला नाही यावर. यावर माझा एक साधा उपाय आहे, तो छोटा वाटेल. संस्थेला जाणाऱ्या प्रत्येक पत्रात, प्रत्येक समन्समध्ये स्वतःचं पूर्ण नाव आणि ‘चौकशी अधिकारी’ हे पद लिहा, आणि जबाब घेताना पहिल्या ओळीत तेच पद वाचून दाखवा. हॉटेलात ते काय म्हणतात यावर तुमचा ताबा नाही. जबाबाच्या कागदावर आहे.

आणखी एक गोष्ट, जी चित्रपटाच्या विरोधात जाते. टिब्स फार परिपूर्ण आहे. सूट, टाय, मृतदेह पाहून अंदाज अचूक, तोल क्वचितच जातो. १९६७ मध्येच न्यूयॉर्क टाइम्समध्ये एका काळ्या लेखकानं जळजळीत प्रश्न विचारला होता की गोऱ्या अमेरिकेला हा सिडनी पॉयटिए इतका आवडतो कशामुळे? त्याचं म्हणणं असं की या भूमिकांत काळा माणूस निष्कलंक असेल तरच त्याला आत घेतलं जातं. मला तो लेख थोडा अन्यायकारक वाटतो, पण प्रश्न खोटा नाही. आणि बक्षिसाचं काय झालं पाहा. १९६८ चा ऑस्कर समारंभ मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येमुळे दोन दिवस पुढे ढकलून १० एप्रिलला झाला. या चित्रपटाला पाच पुरस्कार मिळाले, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचाही. अभिनयाचा मिळाला रॉड स्टायगरला. तो त्याच्या लायकच होता. पॉयटिएला मात्र नामांकनसुद्धा नव्हतं.

हे यासाठी सांगितलं की तुम्ही पत्रात लिहिलंय, ‘एकदा हा अहवाल निर्दोष दिला की सगळ्यांची तोंडं बंद होतील.’ होणार नाहीत. अहवाल निर्दोष द्या, कारण त्यात लोकांची आयुष्यभराची पुंजी आहे आणि तुम्हाला तुमचं काम येतं. तोंडं बंद करायला म्हणून देणार असाल तर तुमची निराशा होईल, आणि पुढच्या तालुक्याला पुन्हा कुणीतरी म्हणेल की हे तूच करू शकतोस.

तुम्हाला वाटतं की शेवटी त्या गावाला तुमची किंमत कळेल, निदान एखादा गिलेस्पी तरी भेटेल. चित्रपटाच्या शेवटी तो टिब्सची सूटकेस उचलून स्टेशनवर पोचवायला येतो, ‘काळजी घे’ म्हणतो, आणि दोघांच्या चेहऱ्यावर हसू येतं. तो शेवट मला आवडतो. पण त्याआधीची रात्र विसरू नका. गिलेस्पीच्या ओसाड घरात दोघं दारू पीत बसलेले असतात, गिलेस्पी स्वतःच्या एकटेपणाबद्दल मोकळा होतो, आणि टिब्स थोडीशी सहानुभूती दाखवतो त्यासरशी तो फिरतो: शहाणपणा नको, तुझी कीव मला नको. एवढ्या सगळ्यानंतरही. एक बॅग उचलून मिळायला टिब्सला जीव दोनदा धोक्यात घालावा लागला, आणि त्याच्या मुली त्या गावापासून एसटीच्या अंतरावर शाळेत जात नव्हत्या.

पत्नीबद्दल तुम्ही लिहिलं आहे की ‘तिला माझ्या कामाची किंमत नाही.’ हे मला पटलं नाही. तुम्ही आठवड्यातले सहा दिवस बाहेर असता, शाळेत मुलींना सोडायला आणि आणायला ती जाते. शाळेच्या फाटकाशी कोण उभं आहे हे रोज ती पाहते. तिसऱ्या चिठ्ठीचा मजकूर तिला तुम्ही सांगितला आहे का, की फक्त ‘धमकी आली’ एवढंच? पत्रावरून मला दुसरी शक्यता जास्त वाटते. ती ‘परत या’ म्हणते तेव्हा तिला काय काय ठाऊक आहे, हे आधी पाहा.

शनिवारी घरी जाल तेव्हा दोन अर्ज लिहा. एक मागण्यांचा: दप्तर जिल्हा कार्यालयात आणणं, दुसरा अधिकारी, बंदोबस्त, आणि चौकशीची मुदत किती ते लेखी आदेशात. वरिष्ठांना उत्तरासाठी पंधरा दिवस द्या. दुसरा अर्ज चौकशीतून मुक्त करण्याचा. त्यात धमक्यांच्या तारखा, पोलीस तक्रारीचा क्रमांक, आणि आतापर्यंत झालेलं काम पुढच्या अधिकाऱ्याला नीट हाती येईल अशी कागदपत्रांची यादी. ही यादी तयार असेल तर तुम्ही निघालात तरी ठेवीदारांना वाऱ्यावर सोडलं असं होत नाही. दुसऱ्या अर्जावर तारीख घालू नका, तो कपाटात ठेवा. पंधरा दिवसांत पहिल्याला उत्तर आलं नाही, किंवा मधेच चौथी चिठ्ठी आली, तर तारीख घालायची.

दोन्ही अर्ज पत्नीला वाचायला द्या. तिला एखादी ओळ बदलावीशी वाटली तर बदलू द्या. आणि तालुक्याच्या खोलीतलं भांडंकुंडं, गादी, शेगडी याच रविवारी उचलून आणा. कुठलाही अर्ज मंजूर होण्याची त्यासाठी वाट पाहायची गरज नाही.